बहिणीचं सोंग

अर्जुनराव शाळेच्या वऱ्हांड्यात येरझारा घालत होते. खुर्ची पुढं केली की टेकायचे, लगेच उठायचे. खांबाला हात लावायचे, माघारी फिरायचे.

"बस न दादा, फरशी झिजन," छाया म्हणाली. ही त्यांची धाकटी बहीण. गावच्या जत्रेत भावाचा सत्कार होणार म्हणून तो पाहायला मलकापूरहून सकाळच्या एसटीनं आली होती, डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन.

सत्काराचं काही नव्हतं. शाल, नारळ, भाषणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. सत्तावीस वर्षं मालिकांमधून कधी बाप, कधी सासरा आणि आता घराघरातले आबासाहेब. घोर होता तो जत्रेत डफ वाजवणाऱ्या रामरावांनी काल फोनवर टाकलेल्या शब्दाचा. "अर्जुनराव, यंदा जत्रेत बहिणीचं सोंग तुम्हीच घ्यायचं. गावाले सांगून बसलो मी."

गावाच्या जत्रेत पालखी बसली की एक पुरुष लुगडं नेसून बहीण व्हायचा आणि माहेरच्या भावाची वाट पाहत बारा ओव्या म्हणायचा. कागद नाही, मागून कोणी सांगणं नाही. विसरला तर हात जोडून उतरायचं आणि ते लुगडं पुन्हा अंगाला लावायचं नाही. सोळाव्या वर्षी अर्जुनरावांनी ते सोंग घेतलं, सहा वर्षं गाजवलं, त्याच्याच जोरावर मुंबईची नाटक कंपनी गाठली. रंगमंचावर तीन-तीन तासांचं नाटक त्यांच्या तोंडी असायचं. मग मालिका आल्या. तिथं कॅमेऱ्यामागून एक पोरगी वाक्य सांगायची, हे म्हणायचे. पुन्हा ती सांगायची, पुन्हा हे म्हणायचे. पाठ करायचं कशाला?

काल रात्री आरशासमोर उभे राहिले तर सहाव्या ओवीपुढं नुसता कोरा फळा.

"छाया, ते आणलं ना?"

तिनं पिशवीतून वही काढली. पिवळी पडलेली, पानं सुटी झालेली, दोऱ्यानं बांधलेली. दहा वर्षांची असताना तिनंच भावाला पाठ करायला चोरून लिहून दिल्या होत्या त्या ओव्या.

अर्जुनरावांनी शेंगदाण्याएवढं कानातलं यंत्र दाखवलं. "हे माझ्या कानात. वर पदर. तू वर्गात बसून फोनवर एकेक ओळ वाचायची."

"मी नाही वाचत बा. येत असन तं म्हण, नसन तं हात जोड अन् उतर."

"छाया, साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलेला माणूस मी. माझ्याच गावात उतरू?"

ती बराच वेळ वहीचा दोरा सोडत राहिली. "जाय," म्हणाली.

चार वाजता अर्जुनराव लुगडं नेसून शाळेसमोरच्या जत्रेच्या मांडवात आले आणि हशा पिकला. आबासाहेबांची पांढरी मिशी तशीच होती. मालिका चालू, मिशी काढायची सोय नव्हती.

"बहिणीले मिशा फुटल्या बे!"

"वाट पाहून पाहून फुटल्या!"

रामरावांनी डफावर थाप दिली. कानात छायाचा आवाज आला आणि अर्जुनरावांनी उचलला,

*सणाची गं चाहूल, उंबऱ्याशी बाई उभी,*
*वाट सोन्याची सांडली, माहा भाऊ येईल कधी.*

आवाज अजून होता. पण दर ओळीनंतर ते थांबत, मान डावीकडं वळवून डोळे रोखून धरत, जणू तिकडून कॅमेरा जवळ येतोय. डफ पुढं जाई, बहीण मागंच.

"कॅमेरा सुरू नाही झाला काय बे अजून?" मागून कोणीतरी ओरडलं. अर्जुनराव उरलेल्या ओव्या मोजत होते. अजून सात, अजून सहा. कानातल्या आवाजाचा पदर धरून ते फरफटत चालले होते.

सातवीला आवाज थांबला.

रामरावांनी पुन्हा थाप दिली. कानात नुसता श्वास. फोन चालू होता, ती तिथंच होती. फक्त श्वास, त्यात एक अडकलेला.

डफ थांबला. रामराव पाहू लागले, हात जोडतात काय. अर्जुनरावांचे हात उचललेही गेले. तेवढ्यात तो श्वास त्यांना ओळखू आला. मागच्या दिवाळीत फोनवर असाच आला होता. "शूटिंग लागलं गं," हे म्हणाले होते, आणि पलीकडं हाच श्वास. त्याच्या मागच्या दिवाळीतही. अकरा वर्षं झाली, भावाची गाडी मलकापूरला तिच्या दारात लागली नव्हती.

हात खाली आले. कोऱ्या फळ्यावर अक्षरं उमटावीत तशी ओवी आली.

*साऱ्यायचे भाऊ आले, वेशीत गाड्या मावेनात,*
*माह्या भावाच्या वाटेचं गवत गुरं खाईनात.*

डफ पुन्हा सुरू झाला. पदर खांद्यावर पडला, त्यांनी कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. पुढच्या पाच म्हटल्या. दहावी आधी आली, नववी नंतर. रामरावांनी डफावर ती चूक पोटात घेतली. शेवटची म्हणताना मान कुठंच वळली नाही.

*उशिरा आला माहा भाऊ, दारात मारली हाक,*
*रुसवा चुलीत घातला गं, त्याची झाली मऊ राख.*

टाळ्या संपायच्या आत अर्जुनराव वर्गात शिरले. छाया बाकावर बसून वहीला दोरा बांधत होती.

"तू थांबली काऊन?"

"पान चिकटलं होतं."

सुट्या पानांकडं दोघांनीही पाहिलं नाही.

"छाया, या दिवाळीले..."

"तारीख नको सांगू दादा," ती उठली. "साडेपाचची एसटी आहे माही."

अर्जुनराव दारात घुटमळले. मांडवातून नाव पुकारलं जात होतं, शाल अजून अंगावर पडायची होती. त्यांनी वळून तिची पिशवी उचलली, खांद्याला अडकवली आणि मांडवाकडं न जाता फाटकाकडं निघाले.

"तू कुठं?"

"मलकापूरले. गाडी उभी आहे माझी. एसटी जाऊ दे."

छाया जागची हलली नाही. वरपासून खालपर्यंत तिनं भावाला पाहिलं, मिशीपासून निऱ्यांपर्यंत. मग तोंडाला पदर लावून म्हणाली,

"लुगडं तं सोड आधी."