स्वयंपाकघर वगळून

वडील उदेलाल गेल्यावर फुलचूरचं घर भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा रुचीने एकच अट घातली. स्वयंपाकघराला कुलूप राहील. भाडेकरूंनी मागच्या पडवीत रांधावं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरातल्या गेलेल्या माणसांना देव म्हणून बसवायचा मातीचा ओटा होता, आणि उदेलालांनाही आता तिथेच, त्यांच्या आईशेजारी, बसवलं होतं. तिथे परक्यांनी वावरावं हे तिला सोसवेना.

"चुलीविना घर कोण घेईन, ताई?" धाकटा खुमेंद्र म्हणाला. खरंच, आलेली माणसं अट ऐकून परत गेली.

मग केशोरीच्या चमेलीबाई आल्या. त्यांच्या मुलाची फुलचूरजवळच्या गोंदियाला बदली झाली होती. कुलूप कशाचं, ते रुचीने त्यांना सांगितलं.

"आमच्या गोंडांच्या घरीही गेलेले मोठे लोक चुलीपाशीच राहतात," त्या म्हणाल्या. "पण बुढ्याले असं उपाशी कोंडून काऊन ठेवून राहिली, बाई? भाताचा वास तरी येऊ दे."

भाताला वाफ आली की बाबा हातातलं काम टाकून, न बोलावता पाटावर येऊन बसायचे. रुचीने कुलूप काढलं.

चमेलीबाईंनी चपला बाहेर ठेवल्या आणि दारातूनच ओट्याला हात जोडले.

"पहिला घास त्यायले देत जाईन. तिखट चालते का?"

"डॉक्टरांनी बंद केलं होतं."

"आता कोणता डॉक्टर पाहाले येते?"

रुचीला हसू आलं. "मग घाला," ती म्हणाली. "त्यांना झणझणीतच आवडायचं."