भाऱ्याचे बंध

कमळला घरी आणून चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत तिच्या हाताला कुणी काम म्हणून लागू दिलं नव्हतं. विळा माळ्यावर चढला होता. चुलीवर दर्शनावहिनीचा पहारा होता. अकरा वर्षं मनोरुग्णालयात काढून आलेली बाई, तिच्या हातात धारेचं किंवा आगीचं काही कसं द्यायचं? बरं, यात कुणाचं मन वाईट नव्हतं, हाच मोठा त्रास होता. वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. जयरामदादा आणि वहिनी शेतावर निघाले की शेणवे गावातल्या त्या घरात पडवीच्या दाराला बाहेरून कडी लागायची, आणि कमळ दिवसभर आत.

रुग्णालयात निदान माग होता. भगीरथमास्तरांनी तिला चादरी विणायला शिकवल्या होत्या. मास्तर बोलायला बसले की थांबायचं नाव घेत नसत. "फार पूर्वी इथं पेशंटला जात्याला जुंपायचे," ते सांगायचे. "अख्ख्या दवाखान्याचं पीठ तेच दळायचे आणि वर त्यांनाच सांगायचे, हे तुमचं औषध. मग कामातून उपचार करायचं शास्त्र शिकलेल्या बाया आल्या. त्या म्हणाल्या, अरे, त्याला काय करावंसं वाटतं ते तरी विचारा. तेव्हा माग आला." पुढे फुकट राबवू नका असा वरून हुकूम आला. तो योग्यच होता. पण मजुरी द्यायची सोय कुणी केली नाही, माग बंद झाला आणि कमळचे हात मांडीवर पडले ते पडलेच.

भातकापणी सुरू झाली. पडवीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचा पेंढा होता. एका दुपारी कमळनं पिण्याच्या तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, दोन मुठी घेतल्या, शेंड्याला शेंडा जोडला आणि पीळ द्यायला लागली. हात विसरले नव्हते. संध्याकाळपर्यंत ढीग झाला. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

वहिनीनं दार उघडलं आणि ती तिथंच थिजली. "अवो, इकडं या," ती हळूच म्हणाली. "हिनं दोर वळलेत."

गळफासाच्या विचारानं जयरामचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बहिणीला एक शब्द विचारला नाही. सगळा ढीग पिशवीत कोंबला आणि सकाळच्या एसटीनं तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथं महिन्यातून एकदा संजीवनी येत असे; नेमकी त्या दिवशी ती आली होती. कामातून माणसाला पुन्हा उभं करायचं, हे तिचं शिक्षण. माहेर मुरबाडकडचं, शेतकऱ्याचं. तिनं एक दोर उचलला, टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्याला गुंडाळला, पीळ देऊन टोक आत खोचलं.

"दादा, तुमी भात कापता ना?"

"व्हय."

"मग भाऱ्याचे बंध वळखले नाय?"

जयरामनं मान खाली घातली. लहानपणापासून त्यानं असे हजारो बंध हाताळले होते.

"हिला शेतावर न्या," संजीवनी म्हणाली. "विळा नका देऊ वाटल्यास. भारे बांधू दे."

दुसऱ्या दिवशी बंध शेतावर गेले. कमळ घरीच राहिली. "चार लोकांत काय झालं तर? पुढच्या साली बघू," जयराम म्हणाला. जाताना त्यानं तिच्यापुढे ताजा पेंढा टाकला, पाण्याची बादली ठेवली. "झ्याक झालेत गो. आणखी शंभरेक वळ." आणि कडी लागली.

कमळनं मूठभर पेंढा उचलला. मास्तरांचं ते जातं तिला आठवलं. ती घाबरली, कारण हात आपोआप पीळ द्यायला लागले होते. तिनं पेंढा खाली ठेवला.

संध्याकाळी जयराम आत आला. "वळले नाय?"

"नाय. आधी दार उघडं ठेव दादा, मग वळते. लागतील तेवढे वळते."

तो ताटावर जाऊन बसला.

सकाळी ती कान देऊन बसली. वहिनीची पावलं अंगणातून गेली. जयरामची गेली नाहीत. तो दारापलीकडे बराच वेळ उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग कडी लागली.

समोर पेंढा होता, बादली भरलेली होती. कमळनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत ते कितीदा रिकामे पडले होते, पण आज तिनं स्वतः ठेवले म्हणून रिकामे होते.