जेवणाआधीचं पाणी

मी एक तांब्या बोलतोय. नावाचाच तांब्या, अंगात तांब्याचा कणही नाही. कुठल्याशा कारखान्यात स्टीलचा पत्रा दाबून मला पोट दिलं, गळा आवळून काठ काढला आणि गवतात गुंडाळून चिखलीच्या बाजारात पाठवलं.

तिथल्या भांड्यांच्या दुकानात शारदाबाईंनी मला टिचकी मारून पाहिलं. शेजारी त्यांची लेक हिमानी वैतागून उभी होती.

"आई, तिकडं पेले भेटतात वं."

"पेले भेटतात, तांब्या भेटते काय? अन् हा प्लास्टिकचा मगा येगळा. मगा मोरीत, तांब्या पान्याले. दोघाइची सरमिसळ केली त पाह्य मंग."

हिमानी डॉक्टरकी शिकायला बिश्केकला निघाली होती. किर्गिझस्तान हे त्या देशाचं नाव धाड नावाच्या गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात कुणाच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून सगळे नुसतं 'रशियाकडं' म्हणत. कपड्यांच्या घड्यांत मला बसवलं, पोटात शेंगदाण्याची चटणी भरली, आणि मी विमानात चढलो.

वसतिगृहाच्या खोलीत मी टेबलावर असे. माणसं हात धुतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मी तिथं जवळून पाहिलं. नळाचं पाणी बर्फासारखं. पोरी बोटांची टोकं भिजवत, "हुश्श" करत आणि ओले हात जीन्सला पुसून घास घेत. अंगठा तर कुणाच्या लक्षातच येत नसे. साऱ्या हातात कामाला सर्वांत पुढं तोच, आणि धुण्यात सर्वांत मागं तोच.

हिमानीही त्यांतलीच. मग एक दिवस ती कॉलेजातून आली ती आपली बोटं निरखतच. आईला फोन लावला तेव्हा मला कळलं. दोन दिवसांपूर्वी वर्गात मॅडमनी सगळ्यांना हात धुवायला सांगितलं होतं आणि मग काचेच्या बशीतल्या, जंतू वाढवायच्या खळीवर बोटं टेकवायला लावली होती. हिमानीनं घरच्या सवयीनं हातावरून पाणी घेतलं होतं. साबण तिला आठवलाच नाही. त्या दिवशी बश्या उघडल्या, तर तिच्या बोटांच्या जागी जंतूंचे पिवळे-पांढरे ठिपके दाट उगवले होते.

"आई, मी धुतले होते वं. तरीबी."

"मंग पानी खराब असन तिकडचं."

"पानी नाई, आई. मीच नुसते ओले केले होते. धुतले नव्हते."

त्या दिवसापासून साबण माझ्या शेजारी आला. पण माणूस एक गोष्ट शिकतो आणि दुसरीकडं घसरतो. बाहेर बर्फ पडतोय म्हणजे खोलीतही अन्न टिकणारच, अशा समजुतीनं हिमानी आणि तिची पुण्याची मैत्रीण रेवती सकाळचा भात टेबलावरच ठेवत आणि संध्याकाळी त्याला फोडणी देत. खोलीत हीटर चालू आहे, हे दोघींनाही सुचलं नाही. मग दोघींची पोटं अशी बिघडली, की माझ्यात मीठ-साखरेचं पाणी कालवून त्या आळीपाळीनं पीत पडल्या. तेव्हापासून उरलेलं अन्न लगेच फ्रीजमध्ये, आणि काढलं की वाफा येईपर्यंत गरम.

तरी खरा धडा तिला मिळाला तो आइगुलच्या घरी. आइगुल तिच्या वर्गातली तिथलीच मुलगी. तिच्या आजीनं जेवायला बोलावलं, म्हणून हिमानीनं माझ्यात खीर भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि मला मिरवत नेलं. जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायचं कापड, अंथरलेलं. आम्ही बसतो न बसतो, तोच आइगुल लांब चोचीची झारी आणि घमेलं घेऊन हिमानीसमोर वाकली. हातावर पाणी घालणार म्हणून.

हिमानी उठली. आजीला नमस्कार केला आणि चपला शोधू लागली.

कारण आपल्याकडं पाहुण्याच्या हातावर पाणी पडतं ते जेवण झाल्यावर. आचवून झालं की पाहुणा उठतो. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं आणि यजमानांनी न जेवताच आचवायला दिलं! आइगुलनं तिचा हात धरला. सगळा प्रकार कळला तेव्हा आजी हसून हसून पाठीमागच्या उशीवर पडल्या. तिथं जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालतात. घरातलं तरुण माणूस घालतं, आणि तो पाहुण्याचा मान असतो.

परतताना हिमानी रेवतीला म्हणाली, "आपल्याकडं जेवणानंतरच्या धुण्याला 'आचवणं' असा खास शब्द आहे. जेवणाआधीच्या धुण्याला एक तरी शब्द आहे का?"

रेवतीनं बरंच आठवून पाहिलं. "नाही गं," ती म्हणाली.

शिक्षण संपवून हिमानी गावी आली. इथं डॉक्टरकी करायला लागते ती परीक्षा द्यायची होती, म्हणून पुस्तकं घेऊन बसली. पण आल्याबरोबर ती पहिली गेली मंजुळाबाईंकडं. मंजुळाबाई म्हणजे तिची मोठी आई, थोरल्या काकांच्या पत्नी. सोबत मीही होतो, ताक भरलेला.

मंजुळाबाईंनी तिला जवळ घेतलं, चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "चहा तुह्या हातानंच करून घे बापा."

"काऊन? तुह्या हाताचा पाह्यजे मले."

"माह्या हाताचं लोकाले बाधते."

गोष्ट अशी होती. गावात महादेवाच्या देवळापुढं दर पौषात रोडग्यांची पंगत होते. कणकेचे पदर घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून त्यांवर तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. कणीक मळायचा मान वर्षानुवर्षं मंजुळाबाईंचा. गेल्या साली पंगतीनंतर गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. शेजारच्या पुष्पाबाईंना तर सलाइन लावावं लागलं. कुणीतरी म्हणालं, मळणारीचे हात. बस. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून मंजुळाबाईंच्या घरचा चहा नको, हळदीकुंकवाला त्यांच्या हातचं वाण नको. यंदाच्या पंगतीत मळायला दुसऱ्या बायका ठरल्या होत्या.

"तू केल्याबिगर मी उठत नाई," म्हणून हिमानी चुलीपुढं मांडी घालून बसली. शेवटी मंजुळाबाई उठल्या, साबणानं हात धुतले, अंगठ्यासकट, आणि चहा टाकला. हिमानी दोन कप प्यायली. यंदा मोठी आईच मळणार, हे तिनं तिथंच ठरवलं.

घरी येऊन तिनं आईला खोदून विचारलं, "आई, पंगतीत कोन काय करते?"

"वैनी मळते, वळते. आर लावाले, रोडगे काढाले, फोडाले मानसं. फोडाचा मान शेषराव भाऊजीचा. 'मळनारीचे हात' म्हननारेबी तेच."

"गोवऱ्या रचल्यावर हात धुतात ते?"

"धुतात ना," शारदाबाई म्हणाल्या. "जेवल्यावर."

हिमानी मला हातात घेऊनच तडक शेषरावांकडं गेली. शेषराव भाऊबंदकीतले काका. पंगतीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. आवाज मोठा, हसणंही मोठं. तिचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"काऊन वं डाक्टरीन, इतके वर्सं बर्फात राहून हात धुवा शिकून आली काय? हे त बालवाडीतबी शिकोतात."

"हाव काका. तुमी त्या दिवशी गैरहजर होते वाट्टे."

ते खदखदून हसले. "अवं, गोवरी पवित्र असते. राखेनं त भांडे घासतो आपन. हे सारं मळनाऱ्या बायकाइले सांग."

"मळनारीच्या हाताचं जे असन ते आरात जळून जाते, काका. आरातून काढल्यावर ज्याचा हात लागते, त्याच्या हाताचं राह्यते."

शेषरावांचं हसू थांबलं. "म्हंजे मी बिमार पाडलं गावाले?"

"मले खात्रीनं नाई सांगता येत. पन मोठी आईबद्दल त तुमी खात्रीनं सांगतलं."

ते उठून आत गेले. हिमानी परतली, मला ओट्यावर आदळलं. माझ्या पोटावरचा पोचा तेव्हाचा. 'हात धुवा' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'तुम्ही घाणेरडे' असं ऐकू येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. माझ्याकडं पाहून तिला आइगुलची झारी आठवली असावी. मग उठली, मला साबणानं लख्ख घासलं आणि म्हणाली, "चाल. पाहुनचार करू."

पंगतीच्या दिवशी देवळापुढं धूर कोंदला होता. दुसऱ्या बायकांनी मळलेली कणीक सैल झाली होती. काही रोडगे आरात उलले होते. मंजुळाबाई आल्या नव्हत्या. आर आणि परातीच्या मधल्या जागेत हिमानी उभी राहिली. एका हातात मी, कोमट पाण्यानं भरलेला. पायाशी पांढरं घमेलं. बाजूला साबण आणि शारदाबाईंनी धुऊन आणलेल्या पंच्यांची चळत.

शेषराव गोवऱ्यांपासून उठले, धोतराला हात पुसत परातीकडं आले. हिमानी वाकली.

"काका, हात पुढं करा. पंगतीचे मानकरी तुमी. मानाचं पानी घालतो."

शेषराव बावचळले. "अवं, जेवाच्या आंधीच आचवाले लावते काय? हाकलून राह्यली का मले?"

सगळी पंगत हसली. हिमानीही हसली. "मलेबी असंच वाटलं होतं, काका!" आणि तिनं आइगुलच्या घरची फजिती सगळ्यांदेखत सांगितली: खीर घेऊन गेलेली पोर न जेवताच चपला कशी शोधू लागली. शेषरावांना हसता हसता ठसका लागला. "म्हंजे उपाशीच घरी निंगाली होती, बयताड!" म्हणत त्यांनी हात पुढं केले.

मी तिरपा झालो. साबण फिरला, पंजावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांशी, अंगठ्याशी. पांढऱ्या घमेल्यात पाणी उतरलं ते हिरवट-काळं. शेण, राख, काय काय. त्यात एक काडीही तरंगत होती. मागच्या माणसानं वाकून पाहिलं. त्याच्यामागच्यानंही. हसणं हळूहळू विरलं. आता बोलण्याचं काम घमेल्याचं होतं आणि घमेलं ते चोख करत होतं.

शेषराव त्या पाण्याकडं पाहत राहिले. मग पंच्याला हात पुसले. परातीत भाजलेले रोडगे वाट पाहत होते, पण त्यांनी फोडायला हात घातला नाही. हिमानीच्या हातून मला घेतलं, घमेलं उचललं आणि ते गल्लीत शिरले. मागून अर्धी पंगत.

मंजुळाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. शेषरावांना पाहून त्यांनी पदर सावरला.

"वैनी," ते म्हणाले. "मांगच्या साली मी बोललो. पाह्यल्याबिगर बोललो. हे माह्या हातचं पानी हाय, पाहून घ्या. दुसरा घाना मळाचा हाय. चाला."

मंजुळाबाईंनी घमेल्यात पाहिलं. मग गल्लीत उभ्या असलेल्या लोकांकडं पाहिलं.

"हात पुढं करा, वैनी. मी घालतो पानी."

"आंधी तुमचे दाखवा," मंजुळाबाई म्हणाल्या.

शेषरावांनी मला खाली ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे पुढं धरले. सुलटे, मग उलटे. मंजुळाबाईंनी निरखून पाहिले. "नखं वाढले," म्हणाल्या, आणि उठल्या.

दुसरा घाणा त्यांनी मळला. त्या पंगतीत बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातावर पाणी पडलं. साबण मध्येच संपला, दुकान उघडून दुसरा आणावा लागला. दोघं-तिघं धुराचं निमित्त करून तसेच बसले. नारायणराव गुरुजी म्हणाले, हे सारं आम्ही पूर्वीपासून सांगत होतो. आणि त्यांचाच अंगठा कोरडा होता.

पुढचे काही दिवस हिमानी घरोघरी फिरली. पोटाची तक्रार एकाचीच निघाली, आणि त्यानं किती रोडगे खाल्ले ते त्याच्या बायकोनं सांगितलं. "एका सालानं काही सिद्ध होत नाई," हिमानी सगळ्यांना सांगत होती. "पुढच्या सालीबी धुवा. त्याच्या पुढच्याबी."

आता मी घरी क्वचितच असतो. गावात लग्न असो, तेरवी असो, मला बोलावणं येतं. कधी कुणी मला नुसताच देखाव्याला ठेवतं, साबणाशिवाय. तेव्हा हिमानी पुस्तक मिटून येते आणि माझ्या शेजारी साबण ठेवून जाते. कुणी नाक मुरडतं, कुणी चेष्टा करतं. ती पुन्हा येते. मला तिचं हे पुन्हा येणं फार आवडतं. पोचा पडलेल्या भांड्याला अजून काय हवं?

वाचणाऱ्यांनो, माझी एवढीच विनंती आहे. आज तुमच्या घरी कुणी जेवायला बसणार असेल, तर 'हात धुतले का' असं विचारू नका. तांब्या भरा, साबण घ्या आणि त्याच्यासमोर थोडं वाकून उभे राहा. हात आपोआप पुढं येतात. मी पाहिलंय.