वल्ह्याचा आधार

दामूचं पोस्टकार्ड वीस दिवस अण्णा साव्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. आज ते तसंच घेऊन अण्णा दामूच्या दांडी गावाच्या वाटेनं वादळात धावत होते.

कार्डावर दामूनं लिहिलं होतं, "अण्णा, घराच्या बाजूच्या भिंतीत तिरका वासा हाय. बोंबलाच्या पाट्या आत घ्याया तितं दार पायजे. वासा कापू का? तुमी बुकं वाचता. कळवा."

अण्णांनी तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढले होते; खिळा एकही मारला नव्हता. उत्तराचे पाच कागद लिहिले. वारा असो की भूकंप, चौकटीला तिरका आधार लागतोच, हे प्रत्येकात होतं. पण प्रत्येकात 'बहुधा' आला, आणि प्रत्येक त्यांनी फाडला.

वस्तीत शिरताना दामूच्या शेजारच्या पुंजारामचं घर त्यांच्या डोळ्यांदेखत आडवं झालं. उडत्या पत्र्यानं खुंट्याला बांधलेली बकरी चिरली.

दामूच्या घरात तो आणि त्याची बायको जमना भिंतीला खांदा लावून उभे होते. वाशावर करवतीची ताजी खाच होती.

"कापलास?"

"अर्दा. अण्णा गप हायत म्हंजे हरकत नसंल म्हटलं."

समुद्राकडून झोत आला. सगळी चौकट समुद्राच्या उलट बाजूला कलली, वासा खाचेत मोडला आणि दामूचा उजवा हात खांब आणि तुटक्या लाकडात चेपला. तो गुडघ्यावर बसला. रक्त फळीवरून खाली आलं.

जमना हात ओढू लागली.

"ओढू नकोस," अण्णा म्हणाले. हा आवाज त्यांनाही नवा होता. "होडीचं वल्हं आण."

"त्याचा हात तुटतोय आनि वल्हं कसलं?"

"भिंत सरळ झाल्याशिवाय हात सुटायचा नाही. वल्ह्याचं वरचं टोक समुद्राकडच्या खांबाला लाव. खालचं टोक इकडच्या कोपऱ्यात. वारा दम घेईल तेव्हा ठोक."

वाऱ्यानं दम घेतला. चौकट कुरकुरत मागे आली. अण्णांनी हात सोडवला, जमनानं दगडानं वल्हं ठोकून बसवलं. पुढचा झोत त्यावर आदळला. वल्हं वाकलं, पण हटलं नाही.

आठ दिवसांनी दामू दवाखान्यातून आला. तीन बोटं गेली होती.

"नवा वासा आणतो," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "तुझं वल्हं मोकळं होईल."

"ऱ्हाऊ दे. आता मला ते कशाला?" दामूनं बांधलेला हात मांडीवर घेतला. "कार्डाचं उत्तर तेवडं द्या."

"आता?"

"पुंजाराम नवं घर बांदतोय. तिरका नको, जागा खातो म्हनतो. माजं ऐकत नाय. तुमचा कागद बगितला का गप बसंल."

अण्णा तारापूरला पोस्टात गेले. कार्डावर दोन ओळी लिहिल्या.

"दामू, तिरका वासा कापू नये. हे वेळेवर कळवलं नाही, ही चूक माझी."

खाली पूर्ण नाव घातलं. सवयीनं 'बहुधा'साठी पेन उचललं, पण तो न लिहिताच टोपण लावलं आणि कार्ड पेटीत टाकलं.