चौथ्या बटणापाशी थांबलेले हात

मित्रांनो, एका मोठ्या रुग्णालयात शिकवणीची एक खोली आहे आणि त्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. वरच्या फळीवर हाडांचा पंजा आहे, खालच्या फळीवर वाकलेली मोजपट्टी, आणि मधल्या फळीवर पाठ टेकून उभी असलेली मी. नावाला मी पाटी, पण माझ्यावर कुणी कधी एक अक्षर लिहिलं नाही. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले जाड निळ्या कापडाचे दोन पदर, आणि त्या पदरांना एकमेकांशी बांधून ठेवणारी पाच बटणं, एवढाच माझा संसार. आता कापड विटलंय. चौथं बटण एका दोऱ्यावर लोंबतंय. पण या पाच बटणांनी जेवढे हात ओळखले, तेवढे एखाद्या ज्योतिषानेही पाहिले नसतील.

माझी चौकट रुग्णालयाच्या सुताराने केली आणि कापड तिथल्याच शिंप्याने शिवलं. एरवी तो चादरी आणि हिरवे डगले शिवायचा. एके दिवशी सांध्यांच्या विभागातल्या मोठ्या बाई त्याच्याकडे माझी कल्पना घेऊन आल्या. बाई उंचीने बेताच्याच, पण सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

शिंपी म्हणाला, "बाई, बटणं शर्टाला लावतात. पाटीला कशाला? तिला काय थंडी वाजते?"

"माझ्या पेशंटना शर्टाची बटणं लावता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "किती येत नाहीत, ते मला मोजायचंय."

शिंप्याने लगेच कात्री उचलली. त्याने पाच काजं करून दिली. त्यातलं चौथं जरा घट्ट झालं. तो उसवायला बसला, तर बाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. खऱ्या शर्टालासुद्धा एखादं नाठाळ काज असतंच की."

मग माझी नोकरी सुरू झाली. सकाळी आठ वाजता खिडकीजवळच्या टेबलावर मला मांडायचं. समोर तीच खुर्ची. पेशंटने पाचही बटणं काढायची, पुन्हा लावायची, आणि शेजारी स्टॉपवॉच टिकटिकत राहायचं. मदत करायची नाही. घाई करायची नाही. माझं एकही बटण बदलायचं नाही, कारण पाटी बदलली की मागचे सगळे आकडे परके होतात.

सकाळच का, ते सांगते. आपल्या अंगात रोगाशी लढणारे राखणदार असतात. या आजाराला रुमॅटॉइड म्हणतात, आणि त्यात राखणदारांची ओळखच चुकते. घरच्यालाच चोर समजून ते सांध्यांवर तुटून पडतात. सांधे सुजतात, तापतात, आणि वेळेवर आवरलं नाही तर बोटं वाकडी होऊन बसतात, ती कायमचीच. सकाळी तर बोटं अशी आखडतात की जणू कुणी खळ लावून वाळत घातलीत. उन्हं वर आली की जरा सैल पडतात. म्हणून खरं दुखणं पाहायचं तर सकाळीच पाहायला हवं.

बाइंडिंगवाल्या मावशी अशाच एका सकाळी आल्या. तीस वर्षं पुस्तकं बांधलेला हात. सुई, दोरा, पुठ्ठा, सरस, सगळं त्या बोटांच्या ओळखीचं. आता ती बोटं माझ्या पहिल्या बटणावर आली आणि परक्या घराच्या दारात उभी राहावीत तशी थबकली. मावशींनी एक श्वास घेतला आणि गुणगुणायला लागल्या,

"पाच बटणं, पाच भाऊ,
एकेकाला घरी नेऊ.
चौथा भाऊ रुसून बसे,
त्याच्यावाचून घर ना हसे."

लेकीला लहानपणी फ्रॉक घालताना त्या हेच म्हणायच्या. निरोगी माणसाला माझ्यापाशी अर्धा मिनिट पुरतं. मावशींना अडीच मिनिटं लागली. चौथ्या बटणाशी त्यांच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी ते सोडलं नाही. बाई घड्याळाकडे पाहतच नव्हत्या, त्या बोटांकडे पाहत होत्या. असं पाहणं मी पुढे फार थोड्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

त्या वर्षी बाईंनी एका नव्या औषधाचा अभ्यास मांडला. निम्म्या पेशंटना नवं औषध, निम्म्यांना जुनं. कुणाला कुठलं, हे बाईंनाही ठाऊक नसायचं, म्हणजे मनाची ओढ आकड्यांत उतरायला नको. मावशींनी मात्र ठरवूनच टाकलं होतं की आपल्याला नवंच मिळतंय.

दर महिन्याला त्यांचा आकडा उतरू लागला. अडीच मिनिटांची दोन झाली, दोनाची दीड. वहीत रेघ खाली खाली जाताना पाहून बाईंचा चेहरा उजळायचा. खोलीभर आनंद. फक्त मी अस्वस्थ. कारण मावशींची बोटं हल्ली माझ्यावर टेकत ती ऊन ऊन आणि किंचित ओलसर. त्या गेल्या की माझ्या कापडावर दमट डाग राहायचा आणि कुणी पाहायच्या आत वाळून जायचा. मला सगळं कळत होतं, मित्रांनो, पण मला काजं पाच आणि तोंड एकही नाही.

याच सुमारास शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली. त्यात एक मुलगी होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी धावायची, म्हणून बाईंनी तिचं नाव भिंगरीच ठेवलं. तिने मला पाहिलं आणि सतरा सेकंदांत पाचही बटणं काढून लावून मोकळी झाली.

"झालं! यात काय अवघड आहे?"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता हात दे."

बाईंनी तिच्या बोटांना चिकटपट्टीने लाकडी काड्या बांधल्या आणि वरून जाड हातमोजे चढवले. "आता लाव बरं."

मुलं हसायला लागली. पहिल्या मिनिटाला भिंगरीही हसत होती. दुसऱ्या मिनिटाला थांबली. चौथ्या बटणाशी तिने दात आवळले, आणि चौथ्या मिनिटाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुणीच हसत नव्हतं.

"तू हे मोजे काढशील," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांना काढता येत नाहीत."

मग त्यांनी हात कसा तपासायचा ते शिकवलं. बोटांची मागची बाजू पेशंटच्या सांध्यावर अलगद टेकवायची. सुजलेला सांधा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागतो. "डोळे फसतील, यंत्र फसेल. आधी हात हातात घ्यायचा, घड्याळ नंतर."

पुढच्या वेळी मावशी आल्या, तेव्हा घड्याळ भिंगरीकडे होतं. बाई पलीकडच्या खोलीत एका पेशंटशी बोलत होत्या. भिंगरीने घड्याळ बाजूला ठेवलं आणि आधी मावशींचा हात हातात घेतला. तिची भुवई वर गेली. सांधे गरम होते, हे ठीक. पण सगळा हातच गरम होता, थेट नखांपर्यंत. आणि बोटांची टोकं धुण्याच्या बादलीतून काढल्यासारखी सुरकुतलेली.

"मावशी, भांडी घासून आलात का?"

"छे गं! भांडी लेक घासते."

"मग बोटं अशी का झालीत?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस हं. पहाटेपासून गरम पाण्यात हात बुडवून बसते. इथे येतानाही थर्मास आणते. तिकडच्या बाथरूममध्ये पुन्हा शेकते आणि मग आत येते. शेकलं की बोटं जरा वळतात."

"अहो, पण का?"

"का म्हणजे? बाईंनी माझ्यासाठी एवढं केलं. माझ्यामुळे त्यांचं औषध नापास व्हावं?"

भिंगरीने मावशींचा हात सोडला नाही. तिला सगळंच एका क्षणात दिसलं असणार. बोलावं, तर बाईंची वर्षभराची मेहनत वाया. न बोलावं, तर वहीत मावशी बऱ्या होत राहणार, आणि वहीबाहेर त्यांची बोटं रोज थोडी थोडी वाकडी होत जाणार. सरळ बोटांसाठी जो वेळ हातात होता, तो त्या थर्मासातून वाहून चालला होता.

"मावशी, गप्प राहायचा शब्द मी नाही देत," ती म्हणाली. "पण तुम्हाला एकटीला पुढेही नाही करणार. चला, दोघी सांगू."

बाईंकडचा पेशंट बाहेर पडल्यावर दोघी पलीकडच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आधी मावशींचं रडणं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मला वाटलं, आता बाई रागावणार.

"किती गरम पाणी घेता हो?" बाईंनी विचारलं.

"सोसेल तेवढं."

"आणि मी दर वेळी विचारत होते, झोप लागली का, जेवलात का. पाण्याचं विचारायचं सुचलंच नाही. वेळ बांधून दिली, खुर्ची बांधून दिली. चूक माझी आहे, तुमची नाही." मग त्या हसल्या, पण आवाज ओला होता. "औषध नापास झालं तर होऊ दे, मावशी. तुम्ही नापास होऊन चालणार नाही."

त्याच आठवड्यात बाईंनी एकेका पेशंटला शेजारी बसवून विचारलं. आणखी सहा जण निघाले. कुणी शेकून यायचं, कुणी मलम चोळून, एक आचारी तर येताना गरम बटाटे मुठीत धरून यायचा! सगळ्यांचं कारण एकच, बाईंना बरं वाटावं. बाईंनी वर्षभराच्या आकड्यांवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली आणि अभ्यास पहिल्यापासून मांडला. आता आल्यावर अर्धा तास नुसतं बसायचं, हात मोकळे ठेवून, आणि मगच माझ्याकडे यायचं.

न शेकलेल्या हातांनी मावशींना पावणेतीन मिनिटं लागली. म्हणजे त्या पहिल्यापेक्षाही मागे गेल्या होत्या. बाईंनी त्यांना अभ्यासातून बाहेर काढलं आणि त्यांच्यापुरते वेगळे उपचार लगेच सुरू केले. उजव्या हाताचं एक बोट वाकलं ते वाकलंच. बाकीची नऊ सरळ राहिली.

नवं औषध शेवटी काहींना लागू पडलं, काहींना नाही. बाईंनी अहवालात ते तसंच लिहिलं, आणि सुरुवातीलाच गरम पाण्याची गोष्ट लिहिली, स्वतःच्या चुकीसकट. तो अहवाल मावशींनी बांधला, निळ्या कापडात, माझ्यासारख्याच. त्या दिवशी त्या माझ्यासमोर बसल्या. हात गार होते. गाणं संपायच्या आत पाचही भाऊ घरी आले, रुसलेला चौथासुद्धा. एक्कावन्न सेकंद. भिंगरीने घड्याळ थांबवलं आणि ते कुठे ठेवावं हेच तिला कळेना.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. तारा लावलेली यंत्रं आली, ती बोटाचा जोर दशांशात सांगतात. मला कपाटात ठेवलं. कधी कधी महिनोन्महिने कुणी काच पुसत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नव्या तुकडीचा पहिला दिवस आला की एक केस पिकलेल्या डॉक्टरबाई कपाट उघडतात. पायाला आता भिंगरी नाही, पण नाव तेच आहे. सोबत काड्या असतात आणि जाड हातमोजे.

परवा एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, हे चौथं बटण नवीन लावून देऊ का?"

"बटण हेच राहू दे," भिंगरी म्हणाली. "दोरा तेवढा नवा घाल. आणि सावकाश घाल."

मित्रांनो, माझं काय, मला एक दोरा पुरे. पण तुमच्या घरात कुणी सकाळी शर्टाच्या बटणाशी अडून बसलं असेल, तर दाराबाहेरून "आवर की लवकर" म्हणून हाक मारू नका. आत जा, शेजारी बसा. आणि ते हसून "मला अगदी बरं वाटतंय हो" म्हणाले, तरी एकदा त्यांचा हात हातात घेऊन बघा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यांनी तो नुकताच शेकून आणलेला असेल.