हरवलेल्यांचा वंशज

लॉरेन्झोने बोयी माशाचं पोट चिरलं, आतडी बादलीत टाकली आणि मगच मान वर केली. त्याची भाची कोरिन धक्क्यावर येऊन उभी होती.

"आला का गं निकाल?"

"आला. आधी हात धुऊन घे, मामा."

"कान स्वच्छ आहेत माझे. सांग."

अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या या हॅटरस बेटावर त्याला सगळे 'इंग्रज' म्हणत. चारशे वर्षांपूर्वी शेजारच्या बेटावर वसलेले इंग्रज, बायकापोरांसकट, नाहीसे झाले होते. मागे खांबावर कोरलेला एक शब्द उरला: हॅटरसचंच जुनं नाव. आपण त्यांचेच वंशज, असं लॉरेन्झोचे वडील सांगत. तोही उन्हाळाभर होडीतून फिरायला येणाऱ्या पर्यटकांना तेच सांगे, आणि लोक कौतुकाने त्याच्यासोबत फोटो काढत. डीएनएवरून त्या वसाहतीचा माग काढणारे बेटावर आले, तेव्हा थुंकी द्यायला कोरिननेच त्याला भरीला घातलं होतं.

"बापाकडून मुलाकडे येतो तो धागा तपासलाय त्यांनी," ती म्हणाली. "तो इंग्लंडला जात नाही."

"मग कुठे जातो?"

"कुठेच नाही. गोरे यायच्या आधी इथे जे राहत होते ना, त्यांचा आहे."

सुरी स्वच्छ झाली तरी लॉरेन्झो पुसतच राहिला.

"चुकलं असेल काहीतरी."

"दोनदा तपासलं. बाकीच्या बाजूंनी इंग्रज असतीलही कुणी. ते यातून कळत नाही."

"म्हणजे म्हातारा थापा मारत होता."

"त्यांनी ऐकलं तेच सांगितलं, मामा."

"आणि मी इतकी वर्षं लोकांना..."

त्याने बादली पाण्यात उपडी केली. कुरव पक्षी तुटून पडले.

शनिवारी होडी भरली. कोरिन मदतीला आली होती, पण मामा आज तोंड उघडेल की नाही, याची तिला धास्ती होती. तो सुकाणू धरून होडी हाकत राहिला. शेवटी एका बाईनेच विचारलं,

"तुम्ही त्या हरवलेल्या लोकांपैकी ना?"

कोरिनने मान खाली घातली.

"नाही," लॉरेन्झो म्हणाला. "आम्ही इथलेच."

"मग त्यांचं काय झालं हो?"

त्याने होडीचा वेग कमी केला. किनाऱ्याकडे बघत राहिला.

"नक्की कुणालाच ठाऊक नाही, बाई. उपाशी होते म्हणतात. जेवायला बसवलं असणार आम्ही."