हनुवटीखालचे तीन ठिपके

बाबांना माती देऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी एमेरिता शहराच्या टांकसाळीचा मुख्य, वितारिक, दारात उभा राहिला.

"नवा राजा, नवा ठसा. तुझ्या बापानंतर, गुडिलानंतर, उलटी अक्षरं कोरणारं गावात आहेच कोण?"

ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते नाण्यावर सुलटं उमटतं. बाबांनी मला अक्षरं तशीच शिकवली. सुलटे ग्रंथ मी नंतर वाचले.

मी राजाचं नाव कोरलं, त्यापुढे 'धर्मशील'. चेहरा एका बाजूने दिसणारा, बाबांच्याच पद्धतीचा: नाक कुठलं आणि केस कुठले, ते राजालाच विचारावं.

वितारिकने ठसा उजेडात धरला. "आणि हनुवटीखालचे तीन ठिपके?"

"ते बाबांचे. सोनं स्वतः कसाला लावल्याशिवाय त्यांनी ते कधी दिले नाहीत. तुमच्या मुशीत निम्मी चांदी आहे."

"हळू बोल, पोरी! ठिपके दिसले की लोक नाणं चावूनही बघत नाहीत. म्हणून तर पाहिजेत."

"मी देणार नाही."

"टांकसाळीच्या घरात राहून?"

"घर घ्या. ठिपके बाबांबरोबर गेले."

"तीन टोचे मारायला काय राणी लागते?" त्याने बाबांची बारीक छिन्नी उचलली, ठशाशेजारी जुनं नाणं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत, ठशावरही त्याच बाजूला, तीन घाव घातले.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

बाजाराच्या दिवशी तेलवाल्या मारिनाबाईंनी नवं नाणं उन्हात फिरवलं. "ठिपके मानेमागे? हे गुडिलाच्या हातचं नव्हे. मेला म्हणून काय उलटं कोरायला लागला?" मग मी दिसले. "माफ कर गं बाई." त्यांनी नाणं चावलं आणि त्या थुंकल्या. दुपारपर्यंत पुलापलीकडेही ती नाणी कुणी घेईना.

संध्याकाळी वितारिक आला, लालबुंद होऊन. "तुला दिसत होतं! बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"घर रिकामं कर. आत्ताच्या आत्ता."

बोचकं मी सकाळीच बांधलं होतं. त्यात बाबांची सगळी हत्यारं होती, एक सोडून. त्या बारीक छिन्नीच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. मी ती त्याच्यासमोर ठेवली.

"ही ठेवा. हिला तुमचा हात लागलाय."